‘कोनाची व तू?’ विचारणारी वंदनाताई

वंदनाताई गेली त्या सकाळी आमची दवाखान्यांच्या नोंदींची सिस्टिम कधी नव्हे इतकी सुसाट पळत होती. महिन्याचा मोठा रिपोर्ट उघडेपर्यंत एरवी मी खुर्चीवरून उठून खिडकीपर्यंत जाऊन यायची. त्या दिवशी तो बटण दाबल्या दाबल्या समोर हजर! मला हसूच आलं. धानाच्या रोवणीचे दिवस, गावोगावच्या बाया बांध्यांमध्ये चिखलात वाकलेल्या, दवाखान्यात कोण कशाला येतंय... सर्व्हरला काम नव्हतं म्हणून तो पळत होता, एवढंच. पण मनात म्हटलं, आज ताईला फोन लावायचा आणि चिडवायचं, बघा, तुम्ही डेटाबेसमध्ये बसवलेल्या पहारेकऱ्यालाही पळता येतं म्हणून. ती काय म्हणाली असती तेही मला पाठ होतं. “एवढी पळून राहिली म्हंजे कोनाले तरी विचारलं नाई तिनं. जाय, पाय पहिले!” मी फोन हातात घेतला आणि तेवढ्यात तोच वाजला. तिच्या गावाहून, करडीहून, ताईचा भाऊ दिलीप बोलत होता. सकाळचा चहा घेऊन अंगणात बसली ती बसलीच, म्हणाला. दवाखान्यात न्यायलाही वेळ दिला नाही. मी वेड्यासारखं “कोण? कोण?” विचारत राहिले. समोर तो रिपोर्ट उघडा होता आणि मला त्याचा भयंकर राग आला होता.

आता काही आठवडे झालेत. रडवेलं काही लिहायचं नाही असं मी स्वतःला बजावलंय, कारण ताईला ते मुळीच चाललं नसतं. गंभीर चेहऱ्याच्या माणसांची तिला ॲलर्जी होती. कोणी फार गंभीरपणे बोलायला लागलं की ती टेबलाच्या खणातून उकडलेला शिंगाडा काढून त्याच्या हातावर ठेवायची. करडीच्या तलावातले शिंगाडे ती हंगामात पिशवी भरून आणायची, आणि आमच्या कीबोर्डच्या फटींत त्यांची सालं वर्षभर सापडायची.

भंडाऱ्यात बसस्टँडच्या मागे, कपड्याच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्या म्हणजे आमचं ऑफिस. ताई नागपूरला शिकली, पुण्यात मोठ्या कंपनीत डेटाबेस सांभाळले, मग आई थकली म्हणून परत आली आणि इथे स्वतःचं काम सुरू केलं. मी नोकरी मागायला गेले तेव्हा ती टेबलाखाली उकिडवी बसून वायरी सोडवत होती. वर न बघताच तिनं विचारलं, “कोनाची व तू?” मी वडिलांचं नाव सांगितलं. “तसं नाई. कोनाची?” मी म्हटलं, जवाहरनगरची. “ते गाव झालं. कोनाची?” आता आली का पंचाईत! आमच्या फॅक्टरीच्या कॉलनीत असं कोणी विचारतच नाही. माझे वडील मिरजेकडचे, शेजारी केरळचे, समोर बंगाली. सगळे ट्रान्सफर होऊन आलेले आणि रिटायर होऊन जाणारे. तिथे फार तर कोणता सेक्शन आणि कोणतं क्वार्टर एवढं विचारतात. मी तेच सांगितलं, “टाइप टू क्वार्टर.” ताई टेबलाखालून बाहेर आली ती हसत हसतच. त्या दिवसापासून मी ‘क्वार्टर’. माझं खरं नाव तिनं फक्त पगाराच्या पत्रावर घातलं असेल.

तिच्या त्या प्रश्नाचं मूळ मला पुढे कळलं. करडीत ती शाळेतून घरी निघाली की वाटेवरच्या प्रत्येक ओट्यावर एक म्हातारी बसलेली असायची आणि प्रत्येकीचा एकच प्रश्न, कोनाची व तू? रोज बघतात, रोज ओळखतात, तरी रोज विचारतात. आपण सांगायचं, अमक्याची. मग म्हातारी मान हलवणार, जाऊ देणार, कधी हातावर चारदोन बोरं ठेवणार. “आपल्याच ओळीतली होय का, तेवढंच पायत होत्या बिचाऱ्या,” ताई सांगायची, “पन घरी याले बाप्पा संध्याकाळ व्हाची!” हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा. आमच्या दोघींचं पुढचं सगळं भांडण त्यावरच झालं.

आमचं मुख्य काम एका धर्मादाय संस्थेचं होतं, अजूनही आहे. जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये त्यांचे छोटे दवाखाने आहेत. प्रत्येक ठिकाणी एक नर्स, एक कॉम्प्युटर, आणि आठवड्यातून काही दिवस डॉक्टर. सगळ्या पेशंटच्या नोंदी एकाच मोठ्या टेबलात, म्हणजे डेटाबेसमधल्या तक्त्यात, एका पेशंटची एक ओळ. नियम साधा होता. ज्या दवाखान्याची नर्स, तिला तिथल्याच ओळी दिसाव्यात. सुरुवातीला हा नियम आम्ही स्क्रीनवर पाळायचो. म्हणजे टेबल सगळं देणार आणि आमचा प्रोग्राम त्यातून गाळून दाखवणार. प्रत्येक नवी स्क्रीन, प्रत्येक नवा रिपोर्ट लिहिताना ती गाळणी आठवणीनं लावायची. वेगाला एकदम झकास. कोणाची काही तक्रार नव्हती.

मग नाकाडोंगरीचं ते प्रकरण झालं. तिथली नर्स मनानं लोण्यासारखी बाई. तिची भावजय मूल होत नाही म्हणून उपचार घेत होती, सासरी कोणालाही न सांगता. आपल्या गावच्या दवाखान्यात नणंदच बसलेली, म्हणून ती बिचारी बसा बदलत पार करडीच्या दवाखान्यात यायची. आणि आमच्या एका नव्या रिपोर्टाला गाळणी लावायची राहून गेली. कोणाच्या गोळ्या संपत आल्यात ते दाखवणारा साधा रिपोर्ट होता. नर्सनं तो उघडला, त्यात भावजयीचं नाव दिसलं, आणि तिनं अगदी मायेनं, संध्याकाळी सगळं घर जेवायला बसलेलं असताना विचारलं, “वहिनी, तुमच्या गोळ्या सरत आल्या ना? मी मागवून देऊ का करडीवरून?”

सासूनं हातातला घास ताटात ठेवला, नवरा उठून गेला म्हणतात. वाईट कोणीच वागलं नव्हतं हो, हीच तर गंमत... गंमत कसली, हाच तर ताप. ती बाई मात्र त्यानंतर करडीला यायची बंद झाली. अर्धवट उपचार तसेच सोडले. आम्हाला हे कळलं ते करडीच्या नर्सकडून, आणि ताई दुसऱ्या दिवशी कोणालाही न सांगता नाकाडोंगरीला गेली. परत आली ती हात न धुताच खुर्चीत बसली. मी खणातून शिंगाडा काढून तिच्या हातावर ठेवला, पण ती हसली नाही. म्हणाली, “क्वार्टर, ते बाई मले एकच गोष्ट बोलली. ताई, मी परत आली तं कोनाले दिसन का? मी म्हटलं, नाई दिसनार. शब्द देऊन आली मी.”

त्याच दिवशी तिनं गाळणी स्क्रीनवरून काढून थेट टेबलाच्या आत नेऊन बसवली. डेटाबेसमध्ये तशी सोय असते. ओळीच्या पातळीवर पहारा ठेवता येतो. कुठूनही मागा, स्क्रीनवरून मागा, रिपोर्टातून मागा, प्रत्येक ओळ बाहेर पडण्याआधी टेबलच तिला विचारणार, तू कोणाची? समोरच्या माणसाची असशील तर जा, नाहीतर आत बस. त्या पहाऱ्याच्या फंक्शनला ताईनं नाव दिलं ‘कोनाची’. मी म्हटलं, अहो, नाव तरी जरा बरं द्या, उद्या कोणी बाहेरचा बघेल. “बाहेरच्यानं पाहूच नये म्हनून तं लिवलं,” ती म्हणाली. “स्क्रीन विसरन, रिपोर्ट विसरन, तू विसरशीन, मी विसरीन. टेबल नाई विसरनार.”

टेबल विसरलं नाही हे खरं. पण चालायचंही विसरलं! दुसऱ्याच दिवशी गावोगावच्या नर्सचे फोन सुरू झाले. “ताई, नुसती चकरी फिरून राहिली स्क्रीनवर.” “ताई, बाया लेकरं घेऊन उभ्या आहेत, नाव लवकर सापडत नाई.” कारण उघड होतं. करडीच्या नर्सनं तिच्या पेशंटची यादी मागितली तरी ‘कोनाची’ म्हातारी आख्ख्या जिल्ह्याच्या ओळींना एकेक करून थांबवत होती. संस्थेचे सेक्रेटरी डॉक्टर होते, भला माणूस, पण त्यांचाही धीर सुटला. फोनवर ताईला म्हणाले, “ताई, बहुत स्लो होऊन राहिलं ना हे. सोमवारपर्यंत ठीक करा, नाहीतर ते जुनंच लावा परत.”

मीही डॉक्टरांच्याच बाजूची होते. उगाच नाही सांगत, आजही मला माझं म्हणणं चूक वाटत नाही. मी म्हटलं, “ताई, एका बाईची गोष्ट झाकायला तुम्ही शंभर बायांना दारात उभं केलंय. लेकराला ताप आहे आणि सिस्टिम विचारत बसलीये, कोनाची, कोनाची! कंटाळून बाया घरी गेल्या तर त्यांचा उपचार बुडतो तो नाही का मोजायचा? आपण स्क्रीनवरची गाळणी डोळ्यांत तेल घालून तपासू. मी तपासते. वेग तरी राहील.” ताई म्हणाली, “अन् एखादी राहून गेली तं?” मी म्हटलं, “आणि एखादी बाई दारातून परत गेली तर?” दोघी तोंड फुगवून दोन खोल्यांत बसलो. खोल्या दोनच असल्याचा तेवढा एक फायदा.

शनिवारी दुपारी मी रागारागानं त्या फंक्शनची चिरफाड करायला बसले. एक ओळ आली की ‘कोनाची’ काय करते ते एकेक पायरी बघत होते. ती ओळीला तिच्या दवाखान्याचं गाव विचारत होती, हे ठीक. पण त्यानंतर समोर मागणारी नर्स कोण आणि तिचा दवाखाना कोणत्या गावचा, हे बघायला दुसऱ्या टेबलाकडे जात होती. पुढची ओळ आली की पुन्हा तेच. नर्स तीच, गाव तेच, तरी दर ओळीला खेप! मी हातानं टेबल बडवलं आणि पलीकडच्या खोलीत ऐकू जाईल असं ओरडले, “ताई, तुमच्या म्हातारीचं डोकं फिरलंय! प्रत्येक पोरीला विचारते, कोनाची व तू, आणि मग मधेच उठून घरात जाऊन सुनेला विचारून येते, मी कोन व?”

पलीकडे खुर्ची मागे पडल्याचा आवाज, आणि ताई दारात. “का बोलली? परत बोल!” मी परत बोलले. ती जी हसायला लागली! खाली फरशीवर बसून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “मी कोन व... बाप्पा... मी कोन व!” खालचा कपड्याचा दुकानदार वर येऊन बघून गेला की झालं काय. हसणं ओसरलं तशी ती माझ्या खुर्चीत बसली आणि फंक्शनमध्ये बदल केला. म्हातारीनं आपण कोण ते ओट्यावर बसतानाच एकदा विचारून घ्यायचं, आणि मग उठायचं नाही. एवढाच बदल. मग मी गावाच्या रकान्यावर इंडेक्स बांधला, म्हणजे करडीच्या पोरी आधीच करडीच्या ओट्यापुढे वेगळ्या निघाल्या, सगळ्या जिल्ह्याला थांबवायची गरज उरली नाही. राहिले डॉक्टरांचे जिल्हाभराचे आकडे. ते आम्ही रोज जेवणाच्या सुट्टीत तयार करून वेगळे ठेवायला लागलो. त्यात नुसते आकडे, नाव एकाचंही नाही. सोमवारी करडीच्या नर्सनं फोन केला, “ताई, झटकन उघडून राहिलं!” ताईनं त्या दिवशी मला तर्रीपोहा खाऊ घातला आणि प्रत्येक घासाला “मी कोन व” म्हणून ठसका लावून घेतला.

पूर्वीइतका वेग मात्र आला नाही, आणि येणारही नव्हता. नाव टाकून शोधलं की आजही जरा थांबावं लागतं. कारण पहारा आधी, शोध नंतर. उलट केलं तर शोध लवकर होतो, पण मग ज्या ओळी दाखवायच्या नाहीत त्यांनाही आपण हात लावून बघितलेलं असतं, आणि ताईला ते मंजूर नव्हतं. मी त्यावर किती डोकं आपटलं! महिन्याचा मोठा रिपोर्टही रेंगाळायचाच, त्यातही नुसते आकडे, पण ते दर वेळी नव्यानं मोजावे लागायचे. एकदा वैतागून म्हटलं, निदान आपल्या दोघींच्या लॉगिनला तरी सूट द्या, आपण तर घरच्या. ताईनं माझ्याकडे असं बघितलं की बस. “घरच्याइचाच तं प्रश्न आहे व, क्वार्टर. चोर कायले येते नाकाडोंगरीच्या दवाखान्यात? पाहाची हौस असते ते नंदेले, सासूले, जावेले.” आम्हालाही सूट मिळाली नाही. आम्हाला काम करायला आमच्या स्वतःच्या खोट्या ओळी होत्या, त्यातल्या पेशंटांना ताईनं भाज्यांची नावं दिली होती. दोडक्याबाई, कारलेबाई. आकड्यांचा रिपोर्ट सोडला तर आम्हाला दिसायच्या त्या या भाज्याच. कारलेबाईंना तिनं माझी जन्मतारीख दिली होती, ते मला फार उशिरा कळलं.

आणि तिची ती ‘सासू टेस्ट’! काहीही नवीन बनवलं की ताई ओढणी डोक्यावरून घेऊन, डोळे बारीक करून कॉम्प्युटरसमोर बसायची. आता ती वंदनाताई नाही, नाकाडोंगरीची सासू. सुनेचं काय चाललंय ते तिला शोधून काढायचंय. नाव टाकून बघणार, गाव बदलून बघणार, तोंडानं चालूच, “कोठी जाते व हे सकाऊन सकाऊन, मी काय आंधळी हाव?” मी हसून हसून लोळायची. पण एकदा याच सासूनं आम्हाला पकडलं. सुनेचं नाव काही केल्या दिसेना, तेव्हा सासूनं नवा पेशंट म्हणून सुनेचाच मोबाइल नंबर टाकला. स्क्रीन म्हणाली, ‘हा नंबर आधीच नोंदलेला आहे.’ ताईनं ओढणी काढली. ओळ दाखवली नाही, पण आहे हे तर सांगून टाकलं! सासूला आणखी काय हवं असतं? मी म्हटलं, “दोनदा नोंद होऊ नये म्हणून ते हवंच आहे ना, ताई.” आठवडाभर त्यावर डोकं घातलं. शेवटी दवाखान्यागणिक नंबर वेगळे तपासायचे ठरलं. त्यात एकाच बाईची दोन गावांत दोनदा नोंद व्हायची थोडी भीती राहते. ती ताईनं पत्करली. तिचं सगळं असंच होतं, इथे थोडं द्यायचं, तिथे थोडं घ्यायचं. पण शब्द दिलाय त्यातलं मात्र काही द्यायचं नाही.

ती नाकाडोंगरीची बाई परत आली की नाही, हे मी ताईला एकदा विचारलं होतं. ताई म्हणाली, “मले का माहीत? मले दिसते का?” आणि गालातल्या गालात हसली.

ताई गेल्यावर चारच दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला. खूप आपुलकीनं बोलले. मग म्हणाले, “ताई होत्या तोवर त्या सांभाळत होत्या. आता तुम्ही एकट्या. तो पहारा काढून टाका, पूर्वीसारखं स्क्रीनवर ठेवा. वेगही वाढेल, तुमच्या डोक्याचा तापही जाईल. आणि पाहणारे कोण आहेत हो, सगळे आपलेच लोक आहेत.” त्यांचं चूक होतं असं मला म्हणता येईना. हे माझंच जुनं म्हणणं माझ्याकडे परत आलं होतं. आणि खरं सांगते, मी थकले होते. त्या फंक्शनवरून भांडायला आता पलीकडच्या खोलीत कोणी नव्हतं. मी म्हटलं, ताईच्या मागचा जलदानाचा विधी होऊ दे, मग सांगते.

विधीला करडीला गेले. घरापुढे मांडव, पांढऱ्या साड्यांतल्या बाया, गावोगावच्या आमच्या नर्स. आणि दारातच प्लास्टिकच्या खुर्चीवर ताईची आई. म्हातारीला आता नीट दिसत नाही. ती येणाऱ्या प्रत्येक बाईचा हात धरायची आणि विचारायची, “कोनाची व तू?” ती बाई सांगायची, अमक्याची लेक, तमक्याची सून. म्हातारी तोंडावरून हात फिरवून तिला आत सोडायची. मग पुढची. दाराशी ही लांब रांग! दिलीप येऊन म्हणाला, “माय, सोड ना आता, लाइन लागली, लोकं उनात उभे आहेत.” म्हातारीनं त्याच्याकडे मान वळवूनही बघितलं नाही. “राहू दे. विचारल्याबिगर कशी सोडू?” मी रांगेत उभी होते आणि मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला. हीच! बाई गं, हीच ती ओट्यावरची म्हातारी, जशीच्या तशी, आणि वेगही तोच! हसता हसता मला जे रडू कोसळलं ते काही केल्या थांबेना. इतके दिवस मी रडलेच नव्हते.

माझ्या पुढे एक बाई उभी होती, माझ्याच वयाची, एकटी. तिचा नंबर आला. “कोनाची व तू?” बाईनं एकदा मागे वळून बघितलं. म्हातारीनं पुन्हा विचारलं, “कोन्या गावची? कोनाची?” तेव्हा ती खाली वाकून अगदी हळू म्हणाली, “ताईची, माय.” म्हातारीनं आणखी काही विचारलं नाही. दोन्ही हातांनी तिचं तोंड चाचपलं आणि आत जाऊ दिलं. ती कोण असेल, कुठून आली असेल, हे माझ्या मनात आलंच. एखाद्या नर्सला विचारलं असतं तर लगेच कळलंही असतं. मी नाही विचारलं.

मग माझा नंबर आला. मी मघापासून मनात जुळवत होते. वडिलांचं नाव इथे कोणाला माहीत, मिरजेचं कोणाला सांगू, आणि क्वार्टर तर आम्ही केव्हाच सोडलं. म्हातारीचा हात खरखरीत आणि गरम होता. “कोनाची व तू?”

“मी पण ताईचीच,” मी म्हटलं.

म्हातारीनं माझा हात ओढला. “मंग भायेर काहून उभी व एवढा वेळ? आत ये.”

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना फोन करून सांगितलं की पहारा आहे तिथेच राहील, आणि वेगाचं माझ्याकडे लागलं. ते थोडे कुरकुरले, मग म्हणाले, ठीक आहे. आता रोवणी आटोपली, दवाखान्यांत पुन्हा गर्दी आहे. मोठा रिपोर्ट पूर्वीसारखाच रेंगाळतो. मी मात्र हल्ली उठून खिडकीशी जात नाही. बटण दाबते, चकरी फिरायला लागते, आणि त्या तेवढ्याशा वेळात टेबलाखालून, वायरींमधून, तिचा तो आवाज येतो. ऑफिसात दुसरं कोणी नसतं, त्यामुळे मी मोठ्यानं उत्तर देते.

“तुमचीच हो, ताई.”

आणि पान उघडतं.